उधारीचं पोतं आणि नवा फोन

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम समितीने हा विषय सुचवला तेव्हा मी जरा चाचरलोच. आपल्या मंडळात भाषण म्हणजे ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत, फार तर म्युच्युअल फंड. त्यात "नवा स्मार्टफोन आगाऊ नोंदवावा का, आणि दुकानातून घ्यावा की मोबाईल कंपनीकडून?" हा विषय म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत बर्गर वाढल्यासारखं! पण समितीतल्या वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला. "अहो, तुम्ही कॉम्प्युटर इंजिनिअर ना? मग सांगा की!" मराठी समाजात कॉम्प्युटर इंजिनिअरला तीन कामं ठरलेली असतात. प्रिंटर चालू करून देणे, वाय-फायचा पासवर्ड शोधून देणे आणि कोणता फोन घ्यावा हे सांगणे. पहिल्या दोन कामांत मी फारसा उपयोगाचा नाही, म्हणून तिसऱ्यावर बोलतो.

मी राहतो अल नहदात. तुमच्यातले निम्मे तिथलेच आहात, त्यामुळे जास्त सांगायला नको. 'नहदा' म्हणजे पुनर्जागरण, नवी उभारी. एका बाजूचं अल नहदा दुबईत, दुसऱ्या बाजूचं शारजात. मध्ये रस्ता. अलीकडचा माणूस पलीकडे सहारा सेंटरला जातो, पलीकडचा अलीकडे ग्रीन लाईन मेट्रो पकडायला येतो, आणि भाड्याचा विषय निघाला की दोघेही उसासा टाकतात. अशा ठिकाणी दर सप्टेंबरात लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, मुलांना स्कूल बसला सोडताना मला एकच प्रश्न येतो. "काय हो, नवा आयफोन महिन्याला कितीला पडेल?"

मंडळी, मला आज एवढंच सांगायचंय की हा प्रश्न अपुरा आहे. "महिन्याला किती?" याच्या आधी विचारायला हवं, "किती महिने?" आणि त्याच्याही आधी, "तेवढे महिने आपण इथे असू का?" आखातातल्या माणसासाठी फोनच्या व्यवहारात किमतीपेक्षा मुदत मोठी असते. बाकी सगळं भाषण म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे. तेव्हा कोणाला चहाला उठायचं असेल तर हरकत नाही.

'स्वस्त' फोन स्वस्त कसा होतो?

जरा मागे जाऊ. २२ ऑगस्ट २००८ रोजी भारतात आयफोन थ्री-जी अधिकृतपणे विक्रीला आला. एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांनी तो आणला. ८ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये. त्याच वेळी अमेरिकेत तोच फोन १९९ डॉलरला मिळतोय हे पेपरात छापून आलं होतं, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेआठ हजार रुपयांच्या आसपास. लोक भडकले. आम्हाला काय लुटताय का, म्हणाले.

पण अमेरिकेतल्या १९९ डॉलरमागे एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांचा करार होता. फोनच्या किमतीतला मोठा हिस्सा कंपनी आधी भरायची आणि मग चोवीस महिन्यांच्या बिलातून तो हळूहळू वसूल करायची. भारतात ग्राहक प्रीपेड, करार नाही, म्हणून किंमत पूर्ण. थोडक्यात काय, अमेरिकेतला फोन स्वस्त नव्हता, तो उधार होता. आपल्याकडे जुनी म्हण आहे, उधारीचं पोतं सव्वा हात रितं. उधार आणलेलं धान्याचं पोतं मोजून बघा, सव्वा हात कमीच भरेल. मोबाईल कंपनीचा करार वाचण्यापूर्वी ही म्हण एकदा मनात म्हणायला हरकत नाही.

आता इथली परिस्थिती बघू. एतिसलात ही कंपनी १९७६ सालची. (२०२२ मध्ये समूहाचं नाव 'ई अँड' झालं, तरी आपण अजून एतिसलातच म्हणतो. बॉम्बेचं मुंबई व्हायला जितका वेळ लागला तितका लागेलच!) दुसरी 'डू', तिची मोबाईल सेवा २००७ मध्ये सुरू झाली. २०१७ मध्ये व्हर्जिन मोबाईल हे नाव आलं, पण तेही डूच्याच पालक कंपनीच्या छत्राखाली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय डिसेंबर २०१३ पासून झाली. म्हणजे नावं तीन दिसली तरी घरं दोनच. अशा बाजारात दोघांच्या दरात फार मोठी तफावत सापडणं कठीण. तफावत सापडते ती करारातल्या अटींमध्ये.

दुकानांचं मात्र तसं नाही. शरफ डीजी, जंबो, ईमॅक्स, लुलू, कॅरफूर, शिवाय ऑनलाईन अॅमेझॉन आणि नून. आणि ज्यांना घासाघीस केल्याशिवाय खरेदी केल्यासारखंच वाटत नाही त्यांच्यासाठी ग्रीन लाईनवरून थेट बनियास स्क्वेअर! तिथल्या गल्ल्यांत आजही कॅल्क्युलेटरवर आकडे टाइप करून एकमेकांना दाखवण्याचा जुना खेळ चालतो.

पण दुकान कुठलंही असो, एक शब्द लक्षात ठेवा. जाहिरातीत फोनच्या नावापुढे 'मिडल ईस्ट व्हर्जन' किंवा 'इंटरनॅशनल व्हर्जन' असं लिहिलेलं असतं. पहिला इथल्या बाजारासाठी आलेला, दुसरा बहुधा दुसऱ्या देशातून आणलेला. दुसरा शंभर-दोनशे दिरहम स्वस्त दिसतो, पण त्याची वॉरंटी निर्मात्याची की दुकानदाराची हे आधी विचारा. दुकानदाराची वॉरंटी दुकान असेपर्यंतच असते.

आगाऊ नोंदणीत आपण नेमकं काय विकत घेतो?

२०२५ चं उदाहरण घेतो. आयफोन १७ मालिकेची आगाऊ नोंदणी शुक्रवार, १२ सप्टेंबरला सुरू झाली. कॅलिफोर्नियात पहाटेचे पाच, आपल्याकडे दुपारचे चार, पुण्या-मुंबईत साडेपाच. विक्री १९ सप्टेंबरपासून. इथल्या किमती सांगतो, व्हॅट धरून: २५६ जीबीचा आयफोन १७ होता ३,३९९ दिरहमला, १७ प्रो ४,६९९ ला आणि प्रो मॅक्स ५,०९९ ला.

आता मला सांगा, १२ तारखेला चारच्या ठोक्याला बटण दाबणाऱ्याला फोन किती स्वस्त मिळाला? शून्य दिरहम. त्याने विकत घेतला तो वेळ. ज्या रंगाला मागणी जास्त, त्याची पोचण्याची तारीख काही मिनिटांतच पुढे सरकू लागते. ज्याला पहिल्या दिवशीच फोन हातात हवा आहे त्याने जरूर नोंदवावा. बाकीच्यांनी उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून बसण्याचं कारण नाही. अॅपलची अधिकृत किंमत सहसा पुढचं मॉडेल येईपर्यंत हलत नाही. दोन महिने थांबलात तर तोटा नाही. उलट नोव्हेंबरातल्या व्हाईट फ्रायडेला किंवा दुबई शॉपिंग फेस्टिव्हलमध्ये दुकानदार स्वतःच्या खिशातून काही सूट देतो, ती मिळायची शक्यता असते.

सॅमसंगचा हिशेब वेगळा. त्यांच्या गॅलक्सी एस मालिकेत आगाऊ नोंदवणाऱ्याला २५६ जीबीच्या किमतीत ५१२ जीबीचा फोन, अशा योजना अनेकदा असतात. इथे आगाऊ नोंदणीला खरोखर पैशांची किंमत आहे. पण दुसरी बाजूही बघा. सॅमसंगचे फोन बाजारात आल्यावर काही महिन्यांत उतरायला लागतात. म्हणजे सॅमसंग एक तर अगदी पहिल्या आठवड्यात घ्यावा, नाहीतर सरळ चार-पाच महिने थांबावं. मधल्या काळात घेणारा दोन्हीकडून जातो.

नोंदणी करताना तीन गोष्टी विचाराव्या. पूर्ण पैसे आज कापणार की फोन निघेल तेव्हा? तारीख पुढे गेली तर पैसे परत किती दिवसांत? आणि सोबत मिळणारं 'फुकट' चार्जर, कव्हर, घड्याळ आपण एरवी विकत घेतलं असतं का? घेतलं नसतं, तर त्याची किंमत हिशेबात शून्य धरा. फुकट ते पौष्टिक हे आपलं आवडतं तत्त्व आहे, पण ते हळदीकुंकवाच्या वाणापुरतं ठीक.

आता गणित

सौ. म्हणते, तुम्ही आकडे काढले की लोक जांभया देतात. पण दोनच मिनिटं. हे आकडे कुठल्या कंपनीचे नाहीत, हिशेब कळावा म्हणून समजुतीचे आहेत.

समजा फोन ४,६९९ दिरहमचा. तुम्हाला खरी गरज आहे महिना १२५ दिरहमच्या प्लॅनची. घरी वाय-फाय, ऑफिसात वाय-फाय, मध्ये ट्रॅफिकमध्ये काय तेवढा डेटा.

पहिला रस्ता रोखीचा. फोनचे ४,६९९. प्लॅनचे चोवीस महिन्यांचे ३,००० आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे ३,१५०. एकूण ७,८४९.

दुसरा रस्ता क्रेडिट कार्डावर 'शून्य टक्के', बारा हप्ते. व्याज नाही, पण बँक पन्नासेक दिरहम प्रोसेसिंग फी घेते असं धरू. एकूण ७,८९९. हप्ता वेळेवर भरणाऱ्याला हा रस्ता चांगला. एक हप्ता चुकला, की मात्र कार्डाचं नेहमीचं व्याज आणि दंड दारात उभे.

तिसरा रस्ता मोबाईल कंपनीचा. फोन महिना १८० दिरहम, चोवीस महिने, म्हणजे ४,३२०. अरे वा, रोखीपेक्षा ३७९ दिरहम स्वस्त! पण अट अशी की प्लॅन २५० चा घ्यावा लागेल. चोवीस महिन्यांचे ६,०००, व्हॅट धरून ६,३००. (प्लॅनच्या जाहिरातीत व्हॅट वेगळा असं बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं, तेवढं बघा.) एकूण १०,६२०. म्हणजे ३७९ वाचवण्यासाठी आपण रोखीपेक्षा २,७७१ दिरहम जास्त दिले. आवळा देऊन कोहळा काढतात तो असा!

पण मंडळी, मोबाईल कंपन्यांवर अन्याय नको. तुम्हाला एरवीही २५० चाच प्लॅन लागत असेल, म्हणजे तुम्ही सेल्समध्ये आहात, दिवसभर अबू धाबी ते रास अल खैमा गाडीत आहात, तर रोखीचा हिशेबही वर जातो. फोन ४,६९९ अधिक प्लॅन ६,३००, एकूण १०,९९९. आणि कंपनीचे तेच १०,६२०. तिथे मात्र ते ३७९ दिरहम खरेच वाचले. म्हणून योजना चांगली की वाईट हे मी सांगू शकत नाही. तुमचं गेल्या तीन महिन्यांचं बिल सांगू शकतं. डेटा किती दिला होता आणि किती वापरला, हे दोन आकडे तुमच्या कंपनीच्या अॅपमध्ये दिसतात. आज घरी गेल्यावर बघा. बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल.

चोवीस महिने

इथपर्यंत दुकानदारीचं झालं. आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो.

वरच्या तिन्ही रस्त्यांना आणखी एक प्रश्न विचारा. आठव्या महिन्यात नोकरी गेली तर? रोखवाल्याचं देणं शून्य, फोन त्याचा. कार्डवाल्याचे चार हप्ते उरले, म्हणजे पंधराशे-सोळाशे दिरहम. करारवाल्याचे सोळा हप्ते, २,८८० दिरहम, आणि करार मोडण्याची काही फी असेल तर ती वेगळी.

आपल्या बहुतेकांचा नोकरीचा व्हिसा दोन वर्षांचा. फोनचा करारही दोन वर्षांचा, काही योजनांत तर तीन. पण करार ज्या दिवशी होतो त्या दिवशी व्हिसाचे क्वचितच पूर्ण दोन वर्षं उरलेले असतात. भारतात माणसाची नोकरी गेली तर तो घरी बसतो, दुसरी शोधतो, हप्ते कसेबसे ओढतो. इथे नोकरी जाते तेव्हा तिच्यासोबत व्हिसा, कधी कधी घर, मुलांची शाळा, सगळंच हलतं. सवलतीचे दिवस मोजायला लागतात. त्या दिवसांत माणसाला शेवटची गोष्ट आठवते ती फोनचा करार!

२०२० ची गोष्ट आहे. आमच्या इमारतीत एक काका राहायचे. नाव सांगत नाही. एका कंत्राटदाराकडे बरीच वर्षं अकाउंटंट. करोनात कंपनीने माणसं कमी केली, त्यात त्यांचा नंबर लागला. वंदे भारत मोहिमेची विमानं ७ मे २०२० पासून सुरू झाली होती, आणि पुढे त्यांनाही तिकीट मिळालं. व्हिसा रद्द, सामान विकायचं, भाडं मिटवायचं. सगळं त्यांनी वहीत लिहून काढलं होतं, अकाउंटंटच ते. कंपनीकडून मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीत सगळं बसत होतं, थोडं हातात उरतही होतं.

मग त्यांनी मोबाईलचा नंबर बंद करायला फोन लावला, तेव्हा ही नोंद पुढे आली. स्वतःचा एक आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा एक, असे दोन फोन त्यांनी करारावर घेतले होते. दोन्ही करार त्यांच्याच नावावर. चोवीसपैकी दहा महिने झाले होते, चौदा राहिले होते. महिना प्रत्येकी १७० धरले तर चौदा महिन्यांचे दोघांचे मिळून ४,७६० दिरहम. दोन फोन, जे एव्हाना निम्म्या किमतीलाही विकले जात नव्हते.

शेजारच्या एकाने त्यांना सल्ला दिला, "काका, जाऊ द्या हो. तुम्ही परत थोडेच येणार आहात? कोण विचारतंय?" काका म्हणाले, "तसं नको. देणं ठेवून जायचं नाही." काकूंनी सोफा आणि फ्रिज ठरवला होता त्यापेक्षा कमी किमतीत लगेच देऊन टाकला, आणि पैसे भरून दोघं विमानात बसले.

काकांचं बरोबर होतं, हेही सांगतो. नुसत्या सचोटीच्या दृष्टीने नव्हे, व्यवहारानेसुद्धा. अल इतिहाद क्रेडिट ब्युरो इथे २०१४ पासून काम करतोय. बँकांच्या कर्जाबरोबर मोबाईल बिलांचीही माहिती त्याच्याकडे जाते. उद्या परत नोकरी मिळून आलात आणि घरासाठी किंवा गाडीसाठी बँकेत गेलात, तर ते जुनं बिल तुमच्या आधी तिथे जाऊन बसलेलं असतं.

काकांनी उधळपट्टी केली असं कोणी म्हणू नये. महिना ३४० दिरहम हे त्यांच्या पगारात सहज बसत होते. चूक कुठल्याच आकड्यात नव्हती. आकडा महिन्याचा होता आणि बांधिलकी दोन वर्षांची, एवढंच. म्हणून मी म्हणतो, आखातात राहणाऱ्याने हप्त्याची मुदत ठरवताना आपल्या व्हिसाची तारीख समोर ठेवावी. आणि घरात चार फोन असले तर निदान चारही करारावर नसावेत.

आणखी एक. देश सोडताना नंबर एकदम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. ग्रॅच्युइटी खात्यात यायची असेल आणि नंबर बंद झाला असेल, तर पुण्यात बसून काय करणार? करार मिटवून तो नंबर प्रीपेड करून घ्या आणि सगळे हिशेब पूर्ण होईपर्यंत जिवंत ठेवा.

दुबईचा फोन गावाला

आता आपला लाडका प्रश्न. "सुट्टीला येताना एक फोन आणशील का रे? तिकडे स्वस्त असतो ना!" एकेकाळी टू-इन-वन आणि व्हीसीआर न्यायचे, आता फोन. हा समज खरा आहे का, तेही आकड्यांतच बघू.

२०२१ मध्ये आयफोन १३ इथे ३,३९९ दिरहमला होता, भारतात ७९,९०० रुपयांना. तेव्हा दिरहम साधारण वीस रुपयांचा, म्हणजे इथला फोन ६८,००० ला पडायचा. जवळपास बारा हजारांची बचत! २०२५ मध्ये आयफोन १७ इथे पुन्हा ३,३९९ लाच. भारतात ८२,९००. पण सप्टेंबर २०२५ मध्ये दिरहम चोवीस रुपयांच्या आसपास गेला होता. दिरहम डॉलरला बांधलेला, ३.६७२५ चा दर १९९७ पासून तसाच. रुपया घसरला की दिरहम आपोआप महाग. चोवीसने गुणा, ८१,५७६ रुपये. फरक उरला १,३२४ रुपये, म्हणजे पंचावन्न दिरहम! रुपया घसरला म्हणून घरी पैसे पाठवताना आपण खूश होतो, त्याच घसरणीने फोनची बचत खाऊन टाकली. अशा वेळी वडिलांना सरळ पैसे पाठवावेत आणि त्यांनी तिथेच घ्यावा. बिल तिथलं, वॉरंटी तिथली. पुण्यात तर कोरेगाव पार्कला सप्टेंबर २०२५ मध्ये अॅपलचं स्वतःचं दुकानही उघडलं.

महाग मॉडेलची गोष्ट निराळी. १७ प्रो भारतात १,३४,९०० ला होता, इथला दर चोवीसने गुणला तर १,१२,७७६. बावीस हजारांचा फरक, हा मोठाच. पण सीलबंद खोका घेऊन उतरताना कस्टमची करमाफीची मर्यादा लक्षात ठेवा. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती ५०,००० रुपये होती. हे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी भारतीय कस्टमच्या संकेतस्थळावर चालू मर्यादा बघूनच खोका भरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानातला मुलगा सांगेलच असं नाही. इथे विकल्या गेलेल्या आयफोन १७ मालिकेत सिम कार्ड घालायला जागाच नाही! अमेरिकेत हे २०२२ मध्ये आयफोन १४ पासून झालं, २०२५ मध्ये अमिरातीसह आखातातल्या देशांवर आलं. फक्त ई-सिम. आपल्यापैकी किती जणांच्या फोनमध्ये इथल्या नंबरासोबत भारतातलं छोटं सिम बसलेलं आहे? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळे! त्या सिमवर तुमच्या भारतातल्या बँकेचे ओटीपी येतात. नवा फोन घेऊन घरी आलात आणि ते सिम बसवायला गेलात, की मग पंचाईत. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांकडे ई-सिमची सोय आहे, पण बदल करताना जुन्या सिमवर एसएमएस यावा लागतो, आणि तो इथे रोमिंगवर येईल का, कधी येईल, हा नशिबाचा भाग. म्हणून क्रम उलटा ठेवा. सुट्टीला जाल तेव्हा भारतात असतानाच सिमचं ई-सिम करून घ्या, मग फोन घ्या. तुमचा सध्याचा फोन ई-सिम घेतो की नाही हे मात्र आधी तपासा. वडिलांसाठी नेणार असाल तर त्यांनाही हेच लागू. गावातल्या दुकानात सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याची त्यांची सवय मोडणार आहे, याची कल्पना द्या.

जाता जाता एक गोड बातमी. आई-वडील किंवा भाऊ इथे व्हिजिट व्हिसावर आले असतील आणि त्यांनी स्वतः फोन घेतला, तर त्यांना पर्यटक म्हणून व्हॅट परत मिळतो. आपल्या रेसिडेंट लोकांना नाही. २०१८ पासून ही सोय आहे. बिल किमान २५० दिरहमचं हवं, दुकान त्या योजनेत असायला हवं, आणि खरेदीच्या वेळीच पासपोर्ट दाखवून नोंद करायला हवी. व्हॅटचा बराचसा भाग परत मिळतो, त्यातून थोडी फी कापतात. विमानतळावर बॅगा सोडण्याआधी ते काम करायचं, फोन हातातल्या बॅगेत ठेवून. आईला सांगा, तेवढ्यात खजूर आणि केशर येतं!

फ्रिजवर लावायची यादी

मंडळी, वेळ झाली. वहिनी घड्याळ दाखवतायत. तेव्हा नवा फोन घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न सांगतो. लिहून घ्या, फ्रिजवर चिकटवा.

एक, पूर्ण मुदतीत खिशातून एकूण किती जाणार?
दोन, हा प्लॅन मी फोनशिवायही घेतला असता का?
तीन, आज नोकरी गेली तर किती देणं उरतं, आणि करार कोणाच्या नावावर आहे?
चार, माझं भारतातलं सिम यात चालेल का?
पाच, दोन महिने थांबलो तर काय बिघडेल?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'काहीच नाही' असं येतं. आलं, तर शांतपणे फराळाचा डबा उघडा. आणि 'जुना फोन पडला, स्क्रीन गेली, उद्या ऑफिसात लागणार आहे' असं आलं, तर बिनधास्त घ्या, चांगला घ्या. आपण इथे कष्ट करतो ते काही नुसते आकडे मोजायला नाही. फक्त जे घ्याल ते असं घ्या, की उद्या बॅग भरायची वेळ आली तर भरताना फोनचा हिशेब आड येऊ नये.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! आता प्रश्न विचारा. प्रिंटर सोडून.